दार लागलं, चावी आत! भाड्याच्या घराची दारं, कुलपं आणि चाव्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेपरातल्या घरफोडीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘चोरट्यांनी दरवाजाचा कडी-कोयंडा उचकटून आत प्रवेश केला.’ मी पुण्यात सोळा वर्षं परदेशातल्या नातेवाइकांचे फ्लॅट भाड्याने देते, सांभाळते. एवढ्या वर्षांत या वाक्याची खात्री पटलीय. लोक कुलपावर हजारो रुपये घालतात आणि ते कुलूप ज्या लाकडात बसवायचं त्याला अर्ध्या इंचाचे स्क्रू मारतात. दुसरी चूक भाड्याच्या घरात होते. कुलूप चांगलं असतं, पण त्याच्या चाव्या गावभर झालेल्या असतात. भाडेकरू, घरमालक आणि सोसायटीतले शेजारी मला जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आले आणि वाऱ्याने दार लागलं. चावी आत. काय करू?

आधी दोन गोष्टी आठवा. गॅसवर काही ठेवलंय का? घरात लहान मूल किंवा अंथरुणावरचं माणूस आहे का? यातलं एक जरी ‘हो’ असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

दोन्ही ‘नाही’ असेल तर तुम्ही फक्त गाऊनमध्ये जिन्यात उभ्या आहात, संकट वगैरे नाही. शेजारच्यांकडे बसा, चहा घ्या, फोन मागा. घरातल्या दुसऱ्या माणसाकडची चावी, मालकाकडची चावी, कामवाल्या मावशींकडची चावी या क्रमाने चौकशी करा. कुठेच नसेल तर चावीवाला.

चावीवाल्याला फोनवर तीन गोष्टी सांगा. कुलूप कोणतं आहे: दाराला आतून बसवलेला नाइट लॅच, दाराच्या जाडीत बसलेलं मॉर्टिस, की डिजिटल. दार नुसतं ओढलं गेलंय की किल्ली फिरवून बंद केलं होतं. आणि बाहेरचं सेफ्टी डोअर उघडं आहे का. नुसतं ओढलं गेलेलं नाइट लॅच सराईत माणूस बहुतेक वेळा काहीही न तोडता उघडतो. किल्ली फिरवली असेल तर वेळ आणि पैसे दोन्ही वाढतात. माणूस आल्या आल्या ड्रिल काढायला लागला तर थांबवा आणि दुसऱ्याला बोलवा.

शेजारच्या बाल्कनीतून आपल्या बाल्कनीत उडी मारायची नाही. डक्टमधल्या पाइपवरून तर नाहीच. मग तो मजला कितवाही असो आणि सोसायटीतला उत्साही मुलगा कितीही तयार असो.

आत लहान मूल अडकलंय किंवा गॅस चालू आहे. चावीवाल्याची वाट बघू का?

नको. अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. तो लागला नाही तर ११२. मूल आत, आई बाहेर आणि दार बंद, अशी सुटका शहरातल्या जवानांसाठी नेहमीची आहे. त्यांच्याकडे शिडी असते, दार उघडायची हत्यारं असतात. पत्ता सांगताना विंग, मजला आणि गाडी कुठल्या गेटने आत येईल हे सांगा. वॉचमनला गेट उघडून उभं राहायला सांगा आणि वाटेतल्या दुचाक्या हलवून ठेवा. यातच पाच-दहा मिनिटं वाचतात.

तोवर दाराच्या फटीशी बसून मुलाशी बोलत राहा. ‘कडी काढ, कडी काढ’ असं ओरडलं की मूल घाबरून रडायला लागतं आणि कडी आणखी घट्ट बसते. त्याला दाराजवळच खाली बसवा, खेळणं आणायला सांगा, गाणं म्हणा. खिडकीकडे किंवा बाल्कनीकडे त्याला जाऊ द्यायचं नाही, हे मुख्य काम.

घरातून गॅसचा वास येत असेल तर बेल वाजवू नका, जिन्यातला दिवाही लावू-बंद करू नका, ठिणगी पुरते. इमारतीला पाइपचा गॅस असेल आणि बाहेर व्हॉल्व्ह असेल तर तो बंद करा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

मुलाने बाथरूमची कडी आतून लावून घेतली तर?

गोल मुठीचं कुलूप असेल तर बाहेरच्या मुठीच्या मध्यभागी बारीक खाच किंवा भोक असतं. खाचेत नाणं किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवला, भोकात जाड तार दाबली की उघडतं. ते त्यासाठीच दिलेलं असतं, पण अनेक घरांत हे कुणाला ठाऊकच नसतं. साधी सरकती कडी असेल तर सुतार किंवा अग्निशमन दल. यावर खरा उपाय आधीच करायचा: घरात दोन-चार वर्षांचं मूल आहे तोवर बाथरूम-बेडरूमच्या खालच्या कड्या काढून वर, मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर लावा. सुताराचं अर्ध्या तासाचं काम आहे.

चावीवाला खात्रीचा कसा शोधायचा?

दार बंद झाल्यावर शोधू नका, आजच शोधा. घराजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात विचारा, ते वर्षानुवर्षं ज्याला पाठवतात त्याचा नंबर घ्या. रस्त्याच्या कडेला लाकडी पेटी, मोठ्या पत्र्याच्या चावीची पाटी आणि चाव्यांच्या माळा लावून रोज एकाच ठिकाणी बसणारा माणूसही चालतो, कारण तो उद्याही तिथेच सापडणार असतो. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या पहिल्या नंबरवर फोन केलात तर येतानाचा भाव एक आणि जातानाचा दुसरा, हा अनुभव मी स्वतः घेतलाय. ‘उघडायचे किती, नवीन कुलूप लागलं तर किती, रात्रीचे जास्तीचे किती’ हे फोनवरच ठरवा आणि मेसेजवर लिहून घ्या.

चांगला चावीवाला तुमच्याकडे पुरावा मागतो: आधार कार्ड, लाइटबिल, करारनामा, नाहीतर शेजाऱ्याची साक्ष. यावर लोक चिडतात. कृपा करून चिडू नका. जो काहीही न विचारता तुमचं दार उघडतो, तो उद्या दुसऱ्या कुणासाठीही ते उघडेल.

दारावर आलेल्या फिरत्या चावीवाल्याकडून कपाटाची चावी करून घेऊ का?

नाही. ‘चावी बनवण्याच्या बहाण्याने दागिने लंपास’ ही बातमीसुद्धा पेपरात ठरलेलीच असते, आणि पद्धतही तीच. दुपारची वेळ, घरात आजी एकटी. माणूस तिजोरीच्या कप्प्याचं कुलूप खटखटवतो. मग म्हणतो, जरा तेल आणा, ही चावी गॅसवर गरम करून आणा. आजी स्वयंपाकघरात जातात. परत येतात तेव्हा तो म्हणतो, चावी आत अडकलीय, आता जोर लावू नका, उद्या येऊन करून देतो. दुसऱ्या दिवशी तो येत नाही. तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं की समजतं. कपाटाची चावी हवी असेल तर ओळखीचा माणूस बोलवा, आधी कप्पा रिकामा करता येत असेल तर करा, आणि काम संपेपर्यंत त्याच्यासमोरून हलू नका. तेल नंतर आणता येतं.

नवीन भाडेकरू आला की दरवेळी कुलूप बदलायचं का?

हो, बदला. कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये मी हा खर्च वाचवायला गेले होते. आधीच्या मुलांनी तीन चाव्या परत दिल्या, मी मोजून घेतल्या, नवं जोडपं राहायला आलं. पाच महिन्यांनी रात्री साडेअकराला त्यांच्या दारात किल्ली फिरण्याचा आवाज आला आणि सॅक घेतलेला एक मुलगा सरळ हॉलमध्ये आला. तो जुन्या भाडेकरूंचा मित्र होता. नाशिकहून आला की इथेच उतरायचा, त्याला कुणीतरी कधीतरी चौथी चावी करून दिली होती आणि मित्रांनी घर सोडल्याचा पत्ताच नव्हता. बिचारा त्या जोडप्यापेक्षा जास्त घाबरला. मला मात्र त्या रात्री फोनवर जे ऐकून घ्यावं लागलं, त्यात दोन कुलपं आली असती.

साधी चावी ५०–१०० रुपयांत पाच मिनिटांत होते. त्यामुळे ‘सगळ्या चाव्या परत आल्या’ याला अर्थ नाही. परत आल्या त्या तुम्ही दिलेल्या.

पूर्ण कुलूप बदलायची गरज नसते. मॉर्टिस कुलपात चावी जाते तो सिलिंडर तेवढा बदलता येतो. दार उघडं ठेवायचं, दाराच्या कडेला पट्टीवर सिलिंडरच्या रेषेत एक लांब स्क्रू असतो तो काढायचा, चावी घालून किंचित फिरवायची आणि सिलिंडर अलगद बाहेर ओढायचा. चावी सरळ ठेवून ओढलात तर येत नाही, कारण मधली जीभ अडते. लोक इथेच हातोडी घेतात. घेऊ नका, थोडी डावी-उजवी फिरवून बघा. जुना सिलिंडर दुकानात नमुना म्हणून न्या. ६० की ७० मिलिमीटर हे डोळ्यांनी कळत नाही. दोन सिलिंडर आलटून पालटून वापरायचे, हा माझा नियम: कोथरूडचा जुना कर्वेनगरला, तिथला इकडे.

घरमालकाने एक चावी स्वतःकडे ठेवावी का? तो केव्हाही येऊ शकतो का?

चावी ठेवायची की नाही हे करारात लिहा. दोन्ही पद्धती मी पाहिल्यात. माझ्याकडे चावी असते, पण पाकिटात बंद आणि पाकिटावर भाडेकरूची सही. पाइप फुटून खालच्या घरात पाणी गेलं तर फोन करून, शेजाऱ्याला बरोबर घेऊन उघडायचं आणि नंतर नवीन पाकीट करायचं.

केव्हाही येणं मात्र नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २८ प्रमाणे मालकाला जागा पाहता येते, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. ‘माझंच घर आहे’ म्हणत रविवारी सकाळी किल्ली फिरवणारे काका या नियमात बसत नाहीत. भाडेकरू घरी नसताना तर अजिबात नाही.

मी भाडेकरू आहे. मालकाला न विचारता कुलूप बदललं तर चालेल का?

विचारून बदला, आणि मेसेजवर विचारा म्हणजे नोंद राहते. सहसा कुणी नाही म्हणत नाही, खर्च तुमचा असेल तर मुळीच नाही. जुनं कुलूप फेकू नका, घर सोडताना परत बसवून द्या किंवा नव्याच्या सगळ्या चाव्या द्या. चावी तुमच्याकडून हरवली तर खर्च तुमचा. कुलूप झिजलं तर मालकाचा. अशी एक ओळ करारात घातली की डिपॉझिटच्या वेळी भांडण होत नाही.

भाडं थकलंय. भाडेकरूच्या दाराला माझं कुलूप लावू का?

हा प्रश्न वर्षातून दोनदा तरी येतो, आणि विचारणारे रागात असतात. राग बरोबर आहे, कुलूप चूक आहे. कायद्याच्या मार्गाशिवाय ताब्यातून बाहेर काढलेला माणूस विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ च्या कलम ६ खाली ६ महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि तिथे मालकी कुणाची हा मुद्दाच येत नाही. पाणी-वीज तोडण्यालाही भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम २९ आडवं येतं. शिवाय आतल्या सामानातलं काही गेल्याचा आरोप झाला तर तुम्हीच उत्तर देत बसाल.

लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपली असेल तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्याच कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतर अडून बसलेल्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. करार नोंदवणं ही कलम ५५ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. नोंदवला नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणून सोळा वर्षांत मी एकही तोंडी करार केलेला नाही, आतेभावाच्या मित्राशीसुद्धा नाही.

भाडेकरू कुलूप लावून गायब झालाय, फोनही बंद आहे. तरी फोडायचं नाही?

तरी नाही, निदान एकट्याने नाही. करारातल्या पत्त्यावर आणि दारावर लेखी नोटीस द्या, साक्षीदारांचे नंबर लावून बघा, पोलिसांत लेखी अर्ज द्या. त्याचं काही बरंवाईट झालं असेल ही शक्यताही असते, आणि घरातून वास येत असेल तर ११२ ला लगेच फोन. एरवी वकिलाचा सल्ला घ्या. कुलूप उघडायची वेळ आलीच तर पंच, पंचनामा, व्हिडिओ आणि सामानाची यादी यांच्याशिवाय हात लावू नका.

भाड्याच्या घरासाठी कुठलं कुलूप सर्वांत चांगलं?

लोक ब्रँड विचारतात. लालबागच्या कारखान्यात १८९७ साली अर्देशिर गोदरेज यांनी कुलपं करायला सुरुवात केली तेव्हापासून आपल्याकडे ‘गोदरेज लावलंय’ म्हटलं की विषय संपतो. अलीगढची कुलपंही चांगली असतात. मी उलट सुरुवात करते: आधी दार आणि चौकट बघा.

दार उघडा आणि चौकटीवरची ती छोटी धातूची पट्टी बघा, जिच्यात कुलपाची जीभ जाते. तिचा एक स्क्रू काढून हातात घ्या. माझ्या ताब्यात आलेल्या जवळजवळ प्रत्येक फ्लॅटमध्ये तो अर्धा-पाऊण इंचाचा निघाला. म्हणजे सात लिव्हरचं कुलूप, आणि त्याला धरून ठेवलंय पाऊण इंच लाकडाने. एक जोरदार लाथ बसली की कुलूप शाबूत राहतं आणि पट्टी चौकटीसकट फाटून येते. तिथे जाड पट्टी आणि अडीच-तीन इंची स्क्रू लावा. बिजागऱ्यांनाही, प्रत्येकीत निदान दोन. दीड-दोनशे रुपयांचं हे काम महागड्या कुलपापेक्षा जास्त उपयोगी आहे, असं माझं ठाम मत आहे.

त्यानंतर कुलूप. नाइट लॅच एकटं पुरत नाही. दार नुसतं ओढून गेलात तर ती तिरकी जीभ फक्त स्प्रिंगवर उभी असते, म्हणून चार मिनिटांसाठी खाली जातानाही किल्ली फिरवा. त्याच्या जोडीला दाराच्या आत बसणारं मॉर्टिस हवं. बाहेरून लटकतं कुलूप आणि कोयंडा शक्यतो टाळा, कारण ते लांबूनच सांगतं की घरात कुणी नाही.

सिलिंडर आतून मुठीने फिरणारा घ्या. दोन्हीकडून चावी लागणारा घेतलात तर आग लागल्यावर अंधारात चावी शोधावी लागते. आणि साध्या सिलिंडरमध्ये आतून चावी तशीच राहिली की बाहेरची चालत नाही. रात्री उशिरा आलेला मुलगा मग सगळी बिल्डिंग उठवतो.

आणखी एक: सेफ्टी डोअरला बाहेरून कडी असेल तर काढून टाका. चोर ज्या मजल्यावर काम करतात तिथल्या शेजाऱ्यांच्या दारांना आधी बाहेरून कड्या घालतात, म्हणजे आवाज आला तरी कुणाला बाहेर येता येत नाही.

डिजिटल लॉक घ्यावं का?

वारंवार भाडेकरू बदलत असतील तर सोयीचं आहे. माणूस गेला की कोड बदलला, झालं. पण बहुतेक डिजिटल कुलपं चार पेन्सिल सेलवर चालतात आणि सेल संपत आल्याची टूं-टूं आठवडाभर ऐकूनही कुणी काही करत नाही. सेल पूर्ण संपले तर अनेक मॉडेलना खालच्या बाजूला नऊ व्होल्टची बॅटरी टेकवायचे दोन ठिपके किंवा यूएसबीचं भोक असतं. तिथून तात्पुरती वीज देऊन कोड टाकता येतो. आणि त्याच्यासोबत येणारी लोखंडी चावी घरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. हसू नका, तीन घरांत ती तिथेच होती.

पावसाळ्यात दार फुगून अडकतं, किल्ली फिरत नाही.

जोराने फिरवलीत तर किल्ली आतच तुटेल. दार स्वतःकडे किंवा वर ओढून धरा आणि मग फिरवा, जिभेवरचा दाब सुटतो. सुताराला भर पावसात रंधा मारायला लावू नका. तो तेव्हा जेवढं काढेल तेवढी फट दिवाळीनंतर दिसायला लागते, आणि ती फट उचकटणाऱ्याच्या कामाची असते. अगदीच लागत नसेल तर थोडंसं, बाकी ऑक्टोबरनंतर. कुलपात खोबरेल ओतायची सवय सोडा, त्याला धूळ चिकटून राड होतो. ग्रॅफाइटची पूड मिळते, नाहीतर मऊ पेन्सिलचं शिसं किल्लीवर घासा. कोकणात आणि मुंबईत समुद्राजवळ हे दर दोन महिन्यांनी करावं लागतं.

जादा चावी ठेवायची कुठे?

तुळशीच्या कुंडीखाली, चपलांच्या कपाटात, मीटर बॉक्समध्ये, पायपुसण्याखाली आणि बंद पडलेल्या बेलच्या डब्यात ठेवू नका. ही यादी मी बनवलेली नाही, आमच्या इमारतीतल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. माणसाकडे ठेवा, आणि त्या चावीवर फ्लॅट नंबर लिहू नका.

पोलीस पडताळणी आणि कुलपाचा काय संबंध?

चावी कुणाच्या हातात देतोय याची ती सरकारदरबारी नोंद आहे. पुण्या-मुंबईत भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन देता येते. ती चावी देण्याआधी द्या.

घर रिकामं असताना काय बघायचं?

दारात साचलेली पत्रकं, कुरिअरच्या चिठ्ठ्या आणि गेल्या दिवाळीची अर्धवट पुसलेली रांगोळी. हे आठवड्यातून एकदा साफ करून घ्या. बाल्कनीचं सरकतं दार आणि स्वयंपाकघराची डक्टकडची खिडकी आतून बंद आहे का बघा. ब्रोकरला चावी दिलीत तर ती मोजून द्या, परत घ्या आणि घर भाड्याने गेलं की सिलिंडर बदला. ब्रोकर चांगला असला तरी त्याची चावी त्याच्या भावाकडे, पोराकडे, दुसऱ्या ब्रोकरकडे फिरते.

घर सोडताना चाव्या कशा द्यायच्या?

हातात, मोजून, लिहून. मुख्य दार, सेफ्टी डोअर, लेटर बॉक्स, टेरेस, कपाटं, गेटचं कार्ड. सगळ्या एका ताटात मांडा, फोटो काढा, तो मालकाला पाठवा आणि ‘मिळाल्या’ असं उत्तर येईपर्यंत जिन्यातून खाली उतरू नका. मी प्रत्येक चावी त्या त्या कुलपात फिरवून बघते. भाडेकरू टेम्पोवाल्याच्या घाईत असतात, तोंड वाकडं करतात. लेटर बॉक्सची चावी मात्र आजवर एकानेही परत दिलेली नाही, आणि ती मी आता मागतही नाही.